मर्ल ओबेरॉन: मुंबईत जन्मलेली टास्मानियाची कन्या

१९३९ सालचा ‘वदरिंग हाइट्स’ मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. प्रिंट जुनी, आवाज खरखरीत. लक्षात राहिला तो अर्थातच हीथक्लिफ झालेला लॉरेन्स ऑलिव्हिए. एमिली ब्राँटीच्या कादंबरीत हा हीथक्लिफ मूळचा कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं. वर्णाने सावळा आहे, म्हणून त्याला हिणवलं जातं, एवढं खरं. घरातली नेली त्याची समजूत घालताना त्याचा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी असल्याची कल्पना रंगवते.

पडद्यावर त्याच्याशेजारी गोऱ्यापान कॅथीच्या भूमिकेत होती मर्ल ओबेरॉन. त्या दोघांपैकी जिचं मूळ लपवलेलं होतं, जी खरोखरच पूर्वेकडून आली होती, ती कॅथी होती. हे मला कळायला पुढची पंधरा वर्षं जावी लागली. मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मली होती.

१९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन, घरातलं नाव क्वीनी. त्याच वर्षाअखेर पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्या राणीवरून हे लाडाचं नाव पडलं असं सांगतात. योगायोग आणखी एक. मिश्र वंशाच्या लोकांना ‘अँग्लो-इंडियन’ म्हणायचं हे सरकारने अधिकृत केलं ते याच १९११च्या जनगणनेत. तोवर ‘युरेशियन’ म्हणत, आणि पाठीमागे त्याहून वाईट बरंच काही.

मर्लला वाढवलं शार्लट सेल्बी या सिलोनहून आलेल्या युरेशियन बाईने. वडील आर्थर थॉम्प्सन, इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात ते गेले. शार्लटला मर्ल आई म्हणत असे, पण ती आई नव्हती, आजी होती. जन्म दिला होता शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, आणि तेव्हा तिचं वय जेमतेम बारा ते चौदा होतं. आर्थर हा शार्लटचा जोडीदार. या दोन वाक्यांत जे आहे त्याला आज आपण गुन्हा म्हणतो, आणि मीही तेच म्हणतो. अब्रू झाकण्यासाठी आईने नातीला मुलगी केलं आणि मुलीला त्या बाळाची बहीण. म्हणजे मर्लच्या आयुष्यातलं पहिलं खोटं तिने रचलेलं नव्हतं. ती त्यात जन्मली.

पुढे मायलेकी (तसंच म्हणू या) कलकत्त्याला गेल्या. ला मार्टिनिएर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली आणि वंशावरून टोमणेही, शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटक मंडळी, फिर्पोज हॉटेलातल्या संध्याकाळी. अँग्लो-इंडियन मुलीच्या वाट्याला येणारं सगळं आयुष्य एवढंच होतं: रेल्वे, तारखातं, टेलिफोन, आणि कधीही न पाहिलेल्या इंग्लंडला ‘होम’ म्हणणं. १९२८ साली ती युरोपात पोचली. लंडनमध्ये ‘कॅफे द पारी’त क्वीनी ओब्रायन या नावाने काम करत होती, सिनेमात गर्दीतली किरकोळ कामं करत होती. तिथे ती अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेस पडली.

कोर्डा हंगेरीहून आलेला. स्वतःच उपरा, त्यामुळे ब्रिटिशांना कोणती ब्रिटिश स्वप्नं विकावीत हे त्याला फार नेमकं कळत असे. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये (१९३३) त्याने तिला अ‍ॅन बोलीन केलं. भूमिका काही मिनिटांची, शिरच्छेदापर्यंतची. पण लोकांना तो चेहरा विसरता येईना. पुढच्या वर्षी लेस्ली हॉवर्डबरोबर ‘द स्कार्लेट पिंपरनेल’. आता एवढ्या मोठ्या नटीला जन्मगाव हवं. ते ठरलं टास्मानियातलं होबार्ट. ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्यांचं, आणि मुख्य म्हणजे इतकं लांब की लंडनहून उठून खात्री करायला कोण जातंय?

व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा. ऑलिव्हिएला कॅथीसाठी तीच हवी होती. पण तिचे आईवडील कागदोपत्री गोरे, त्यामुळे दार्जिलिंग हा मुलाखतीत सांगण्यासारखा मजेदार तपशील ठरला. मर्लसाठी मुंबई हा शब्द धोक्याचा होता. किती धोक्याचा, ते अ‍ॅना मे वाँगकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेत जन्मलेली ही चिनी वंशाची गुणी नटी. पण ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकरणीची मुख्य भूमिका गेली लुइझ रायनरकडे, आणि रायनरला त्यासाठी ऑस्करही मिळालं. हॉलिवूडच्या आचारसंहितेत मिश्रवंशीय प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई होती. मर्लने खरं सांगितलं असतं तर फ्रेड्रिक मार्च किंवा ऑलिव्हिएच्या मिठीत ती दिसलीच नसती. तिने आपली मुळं नाकारली असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. मला ते फार स्वस्तातलं वाटतं. ज्या दारावर ‘तुम्हाला प्रवेश नाही’ असं लिहिलंय, त्या दारातून ती नाव बदलून आत गेली.

आत गेल्यावर काय केलं? सॅम्युएल गोल्डविनने तिला ‘द डार्क एंजल’मध्ये (१९३५) साधी इंग्रज मुलगी म्हणून आणलं आणि तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. २०२३ साली मिशेल योला नामांकन मिळालं तेव्हा बातम्यांमधून जपून लिहिलं जात होतं: स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली. त्या ‘म्हणवणारी’मागे मर्ल उभी होती.

थोर अभिनेत्री होती का? मला नाही वाटत. ‘वदरिंग हाइट्स’मध्ये ती कधीकधी जपून बोलते, प्रत्येक शब्द तोलून. ज्या उच्चारांना साहेब लोक ‘चीची’ म्हणून हसत ते जिभेवरून पुसल्याचा तो परिणाम असावा, असं मला नेहमी वाटतं. पण विल्यम वायलरचाच ‘दीज थ्री’ (१९३६) पाहा. एक द्वाड शाळकरी मुलगी आजीच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि दोन तरुण शिक्षिकांची शाळा, नाव, सगळं एका दिवसात धुळीला मिळतं. त्यातली एक शिक्षिका मर्ल. पालक मुलांना नेऊ लागतात आणि कारण कुणीच सांगत नाही, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते शिकवून येत नाही. एका कुजबुजीने काय होऊ शकतं हे त्या सेटवर तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

१९३७ हे वाईट साल. लंडनमध्ये मोटार अपघातात चेहऱ्याला इजा झाली आणि कोर्डाने तिला, चार्ल्स लॉटनला घेऊन सुरू केलेला ‘आय, क्लॉडियस’ अर्धवट सोडून दिला. त्याच वर्षी शार्लट वारली. लंडनच्या घरी पाहुण्यांसमोर शार्लट मोलकरीण म्हणून वावरत असे, असं चरित्रकार लिहितात. १९३९ साली मर्लने कोर्डाशी लग्न केलं. त्याला ‘सर’ किताब मिळाल्यावर क्वीनी थॉम्प्सनची लेडी कोर्डा झाली. तो संसार १९४५पर्यंत टिकला. नंतरचा नवरा ल्युसियन बॅलर्ड, छायालेखक. ‘द लॉजर’च्या (१९४४) वेळी त्याने कॅमेऱ्याला अगदी लगटून एक छोटा दिवा बसवला. प्रकाश समोरून सपाट पडला की अपघाताचे व्रण विरून जात. त्या दिव्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणतात, अजूनही. एखाद्या नटीचं नाव दिव्याला मिळावं, आणि तो दिवा काहीतरी दिसू नये म्हणून असावा!

१९४९ साली तिने एका जुन्या फोटोवरून शार्लटचं तैलचित्र करून घेतलं. रंग मात्र उजळ लावून घेतला. ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरांमध्ये लागलेलं होतं.

हे वाचलं आणि मला आत्याचा फोटो आठवला. आत्या सावळी. ‘दाखवायचा’ फोटो काढायला आजी तिला स्टुडिओत घेऊन गेली. तिथले गृहस्थ निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवत बसले. निगेटिव्हवर शिसं चढलं की कागदावर चेहरा उजळतो. स्थळाकडची मंडळी प्रत्यक्ष बघायला आली तेव्हा चहा निम्मा टाकून उठली. तो फोटो आत्याने फाडला नाही. आमच्या जुन्या अल्बममध्ये अजून आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात ती आत्यासारखी दिसतच नाही. म्हणून शार्लटच्या चित्राबद्दल मला मर्लवर रागवता येत नाही. पण त्या भिंतीवरची बाई नेमकी कोण होती, हा प्रश्नही सुटत नाही.

खोटं मात्र फळलं ते टास्मानियात. लोकांनी ते मनापासून आपलं केलं. सेंट हेलेन्स गावात एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची ती मुलगी, अशी कथा तिथे रुजली. १९७८ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मर्ल होबार्टला गेली. महापौरांनी स्वागत समारंभ ठेवला होता. ती तिथे जन्मल्याचा पुरावा नाही हे महापौरांना आयत्या वेळी कळलं, पण समारंभ मोडवेना. आणि तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात मर्ल म्हणाली की आपला जन्म इथला नाही. मग बरं वाटत नाही म्हणून ती निघून गेली. मुंबईचं नाव तेव्हाही तिने घेतलं नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती मालिबूत वारली.

कॉन्स्टन्सचं पुढे लग्न झालं, मुलं झाली. त्यांतला एक मुलगा कॅनडात राहत असे. मर्ल ही आपली मावशी, असंच तो समजत होता. त्याने मुंबईतल्या सरकारी नोंदींत तिचा जन्मदाखला शोधून काढला. त्यात आईच्या नावाच्या जागी त्याच्याच आईचं नाव होतं. तो लॉस एंजेलिसला बहिणीला भेटायला गेला. ती भेटली नाही. तिच्या मृत्यूनंतर चरित्रकार त्याच्याकडे आले तेव्हा त्याने त्यांना यातलं काही सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी, एका ऑस्ट्रेलियन माहितीपटासाठी, त्याने तो कागद बाहेर काढला.