'वंशातली' कावीळ



"त्यांच्या घरात लिव्हरचं दुखणं वंशातच आहे," असं आपण सहज बोलून जातो. आधी आईला झालं, मग थोरल्याला, मग धाकट्याला. घरात नवी सून असेल तर "माहेरून रोग घेऊन आली" म्हणायलाही लोक मागेपुढे बघत नाहीत. आज या 'वंशात आहे'चीच गोष्ट सांगते. कारण एकदा मोठमोठे शास्त्रज्ञही असंच समजून चालले होते.

बरूक ब्लमबर्ग हे अमेरिकेतले डॉक्टर. माणसामाणसांच्या रक्तात जन्मतःच काय फरक असतो, आणि एकच रोग एकाला होतो, दुसऱ्याला का होत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी देशोदेशींच्या लोकांचं रक्त जमवलं. तपासण्याची त्यांची युक्ती मोठी छान होती. ज्यांना वारंवार दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, त्यांचं शरीर परक्या रक्तातले घटक ओळखायला शिकतं. अशा रुग्णाचं रक्तद्रव आणि परक्या माणसाचं रक्तद्रव जेलीसारख्या थरावर समोरासमोर ठेवायचं. ओळख पटली, की मधे रेघ उमटते. अशी एक रेघ ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्तापुढे उमटली. त्या घटकाला नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. १९६५ साली ही माहिती छापून आली.

पुढे हजारो लोकांचं रक्त तपासलं. अमेरिकेत हा घटक क्वचित सापडे, आशिया-आफ्रिकेत मात्र पुष्कळांत, आणि तोही एकाच कुटुंबातल्या अनेकांत. मग काय, हा आईबापाकडून येणारा जन्मजात गुण असणार, असं ठरलं.

पण वंशातून आलेली गोष्ट जन्मापासून असते, मधेच उगवत नाही. आणि एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेला हा घटक काही महिन्यांनी दिसला! त्याचं लिव्हर तपासलं, तर सूज. पाठोपाठ १९६७ साली त्याच प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या बार्बरा वर्नर यांना बरं वाटेना. त्यांनी आपलंच रक्त तपासायला लावलं. सकाळी पुसटशी रेघ दिसली, नंतर त्यांना कावीळ झाली. पुढे त्या पूर्ण बऱ्या झाल्या. १९७६ चं नोबेल ब्लमबर्ग यांना मिळालं, पण मला या सगळ्यात ही बाईच जास्त लक्षात राहते.

तर तो जन्मजात गुण नव्हताच. तो होता हिपॅटायटिस बी या विषाणूचा तुकडा. घराघरात तो दिसायचा, कारण बाळंतपणात आईच्या रक्तातून तो बाळाला लागतो. मोठेपणी लागला तर बहुतेकांच्या अंगातून निघून जातो. जन्मताना लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांत कायमचा मुक्काम करतो. कावीळ दिसतही नाही, आणि तीस-चाळीस वर्षांनी लिव्हर खराब होतं किंवा कॅन्सर होतो. तैवानमध्ये बावीस हजारांवर पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. विषाणू अंगात असलेल्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा दोनशेपटीहून जास्त निघाला.

तैवाननेच १९८४ पासून बाधित आयांच्या नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, दोन वर्षांनी सगळ्याच बाळांना. लस घेतलेली मुलं सहा ते चौदा वर्षांची झाली, तेव्हा त्या वयातल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला होता. म्हणजे कॅन्सर रोखणारी लस! आपल्या देशात ती २०११ पर्यंत सर्वत्र सरकारी लसीकरणात आली.

जन्मजात फरकांचा वाटा अगदीच नाही, असं मात्र समजू नका. २००८ साली एका जनुकातला बदल सापडला. तो असलेल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी लवकर साठते, आणि त्यांना कॅन्सरचा धोकाही वाढतो. जनुक बदलता येत नाही. दारू टाळता येते, वजन आवरता येतं.

हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. लस दिलेल्या बाळाला आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही. गरोदरपणी रक्त तपासताना ही तपासणी झाली का, हे आशाताईंना विचारा. आणि बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळायला हवा, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. बाळंतपण घरीच झालं, तर बाळाला घेऊन त्याच दिवशी निघा, बाराव्याची वाट बघू नका.