कळलावी: फूल ओळखणं सोपं, कंद ओळखणं अवघड

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलात, कुंपणावर, झुडपांच्या आधाराने चढलेली एक वेल दिसते. तिची फुलं ज्वाळांसारखी, खाली पिवळी आणि वर लाल. ही कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा, खड्यानाग ही तिचीच नावं. काही भागांत तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे.

तिच्या सगळ्या भागांत कॉल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. म्हणून ती ओळखता येणं गरजेचं आहे.

ओळखायची कशी?

आधी पानाचं टोक बघा. ते लांबट होऊन तणाव्यासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याच्याच आधाराने वेल वर चढते. मग फूल. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे वळलेल्या. कळी हिरवट, उमलताना पिवळी, मग हळूहळू लाल. त्यामुळे एकाच वेलीवर तीन-चार रंग दिसतात. पाकळ्या मागे वळल्यामुळे सहा पुंकेसर चहूबाजूंनी पसरलेले स्पष्ट दिसतात. सगळ्यात पक्की खूण म्हणजे स्त्रीकेसर. तो बुंध्यापासूनच जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळलेला असतो.

भारतात या वंशाची ही एकच जंगली जात आहे. पण तिच्या कुळातली, म्हणजे कॉल्चिकेसी कुळातली इफिजेनियाही आपल्याकडे आहे. गवताळ माळावर आणि कातळसड्यांवर पावसाळ्यात ती उगवते. इफिजेनिया इंडिका वेल नाही. पानं गवतासारखी, फूल जेमतेम सेंटिमीटरभर, काळपट जांभळं आणि सहज नजरेतून सुटणारं. कळलावीशी तिची गल्लत होणार नाही, पण कॉल्चिसिन तिच्या कंदातही सापडतं.

गोंधळ नात्यातल्या वनस्पतीशी नाही, तर खाण्याच्या कंदांशी होतो. करांदा, कणगर यांच्या वेलीही त्याच झाडोऱ्यात वाढतात. पावसाळ्यात फरक सरळ आहे: करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं, त्याला तणावा नाही, खोडच आधाराला वेटोळे घालतं. पण हिवाळ्यात कळलावीची वेल वाळून जाते आणि मातीत उरतो फक्त कंद. तो बहुधा इंग्रजी ‘व्ही’सारखा, दोन बोटं जोडल्यासारखा असतो. मात्र खणताना एक बोट तुटलं की ही खूणही जाते. भारतात आणि श्रीलंकेत असा कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही. काही तासांनी घशात जळजळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे रक्तपेशी आणि किडनीवर परिणाम होतो. वाचलेल्या रुग्णांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. म्हणून कंद खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठावा. सोबत उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा नेला, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.