कथलाची नळी आणि कोटितीर्थाचे पाणी

दसरा उलटला की आमच्या बीडची हवा निवळते. बालाघाटचे डोंगर हिरव्याचे पिवळे होऊ लागतात. तळ्यातल्या कंकालेश्वराच्या काळ्या दगडावर सकाळचे ऊन पडले म्हणजे, इथे कोणी चितार्‍याने घोडी मांडून बसावे, असे मला दर वर्षी वाटते.

पण उघड्यावर बसून तैलरंगात निसर्ग रंगविण्याची चाल तशी फार जुनी नाही. पूर्वी जवसाच्या तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. पिशवीला टोचून रंग काढायचा. ती फुटली की रंगाबरोबर अंगरखाही गेला! असले लटांबर घेऊन रानात कोण जाणार? १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणारी कथलाची नळी काढली आणि चित्रकाराचे पाय मोकळे झाले. फ्रान्समधले मोने, पिसारो नदीकाठी जाऊन बसले ते या नळीच्या जोरावर.

आमच्या शेजारच्या औरंगाबादेकडेही तैलरंग लवकर पोहोचले. १८४४ साली मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. वर्षानुवर्षे खपून त्याने त्या तैलरंगात केल्या; पण १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेली त्याची बहुतेक चित्रे जळाली.

तरी गिलसमोर भिंत होती. ती हलत नव्हती. उघड्यावरच्या चित्रकाराची शर्यत उन्हाशी. दोन तासांत सावल्या जागा सोडतात, आणि तैलरंग तर दिवसेंदिवस ओला. धूळ चिकटते, चिलटे चिकटतात. आमच्याकडच्या चैत्रातल्या वावटळीत तर चित्रात माती किती आणि रंग किती, हे सांगणे कठीण व्हावे.

महाराष्ट्रात या वेडाचा मोठा मानकरी म्हणजे कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. तैलरंग आणि जलरंग दोन्ही त्यांच्या हातात होते. मुंबई सोडून ते गावी आले आणि कोटितीर्थ, रंकाळा, तिथली झाडे, तिथला प्रकाश यांतच रमले. त्या काळी रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीला घरोघर गिर्‍हाईक होते; तळ्याकाठच्या झाडाला कोण विचारतो?

१९२२ साली महाराज गेले. तेव्हा आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, अशी हकीकत कोल्हापुरात सांगतात. कोणी याला वैराग्य म्हणतो. मला ते पटत नाही. पाहणारा एकच माणूस होता, तो गेला. मग चित्रे दाखवायची कोणाला, हा साधा हिशेब त्यात असावा. ज्या पाण्याकडे पाहून रंगविली, त्याच पाण्यात ती गेली. आबालाल १९३१ साली वारले.

उरलेल्यांपैकी काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा तासभर तिकडेही वळा, आणि मुलांना बाहेर चपलांपाशी बसवून जाऊ नका.