पंधरातले आठ रुपये : परीक्षा आपल्या घरात कशी आली



तुम्ही इंदूरमध्ये असा, बडोद्यात असा, हैदराबादला किंवा पुण्यात, निकालाच्या दिवशी घरातलं वातावरण सगळीकडे सारखंच असतं. सकाळपासून फोन वाजायला लागतात. मामा विचारतो, काकू विचारते, शेजारचे विचारतात, "किती पडले?" मूल मात्र आतल्या खोलीत बसलेलं असतं.

एरवी मी इथं लढायांविषयी बोलतो. आज परीक्षेच्या इतिहासाविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. प्रत्येकामागे परीक्षाच होती असं नाही, कारणं अनेक असतात. पण ज्या देशात दर वर्षी इतकी मुलं जातात, तिथं मुलांच्या डोक्यावरचं ओझं कुठून आलं हे शोधणं मला लढायांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परीक्षा आली तेव्हा ती अनेकांना सुटकेसारखी वाटली. त्याआधी कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी, देशमुखाचा मुलगा देशमुख. वतन बापाकडून मुलाकडे जायचं. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला पहिली बी.ए.ची परीक्षा झाली आणि तीत दोघेच उत्तीर्ण झाले. त्यांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. त्या दोघांनाही एका विषयात वाढीव गुण द्यावे लागले होते. 'ग्रेस मार्क' ही गोष्ट आपल्याकडे पहिल्या पदवीइतकीच जुनी आहे, हे लक्षात ठेवा.

आता बाप कोण आहे यापेक्षा कागदावर काय लिहिलं याला किंमत आली. हे चांगलंच झालं. पण त्याच वेळी गरीब घरापुढं एकच दार उभं राहिलं, आणि त्या दाराची किल्ली एका मुलाच्या हातात आली.

धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण घ्या. १८७५ साली सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणारी मराठी सहावीची परीक्षा साताऱ्याला होती. कर्वे कोकणातल्या मुरूडचे. पावसापाण्यात, कुंभार्ली घाट चढून, सुमारे ११० मैल चालत ते चार दिवसांत साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. कर्व्यांना ती होती, दाखलाही जवळ होता. पण अंगानं लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. फौजेत मी पुष्कळ चाललो आहे. चार दिवसांच्या चालीनंतर असा नकार मिळाला की परतीचे मैल किती लांब होतात, याची मला थोडीफार कल्पना आहे.

दुसरं घर गोपाळ कृष्ण गोखले यांचं. १८७९ साली वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंद यानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि कागलला नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. घराची निम्म्याहून जास्त कमाई एका मुलाच्या अभ्यासावर! मागं राहिलेल्या ७ रुपयांत बाकी सगळ्यांनी भागवायचं.

माझ्या मते आपल्या घरातल्या दबावाचं मूळ या हिशोबात आहे. आईबाप दुष्ट असतात म्हणून दबाव येत नाही. घरानं पोटाला चिमटा काढून पैसा लावलेला असतो आणि मुलाला तो दिसत असतो. कोणी एक शब्द बोललं नाही तरी दिसत असतो. मोठा भाऊ कापड घेत नाही, आई दागिना मोडते, हे मुलाला न सांगता कळतं. नापास झाल्यावर त्याला मार्कांपेक्षा याची लाज जास्त वाटते.

हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या कंपनीत एक शिपाई होता, कोल्हापूरकडचा. दर महिन्याला पगारातला मोठा भाग मनिऑर्डरनं गावी पाठवायचा, धाकट्याच्या शिक्षणासाठी. धाकटा बारावीला गेला आणि त्याची पत्रं यायची बंद झाली. शिपायानं माझ्याकडे रजा मागितली. परत आल्यावर विचारलं, काय म्हणालास त्याला? म्हणाला, "साहेब, त्याला म्हणलं, पैशाचा हिशोब मागाया न्हाई आलो. तुला बघाया आलो." धाकटा पुढे मोटार दुरुस्तीचं काम शिकला. एवढंच.

आता मुलाच्या बाजूनं बघू. घरानं इतकं केल्यावर मुलानं काय करायचं? आयुष्यभर घरच्यांच्या मनासारखंच वागायचं का?

गोपाळ गणेश आगरकरांनी याचं उत्तर लिहूनच ठेवलं. अत्यंत गरिबीत शिकलेला हा माणूस एम.ए.च्या उंबरठ्यावर होता. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील आणि आपले पांग फेडील, असं आईला वाटणारच. आगरकरांनी आईला पत्र लिहिलं. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी लावणार, हे परीक्षेचा निकाल लागण्याची वाट न बघता आधीच कळवून टाकलं. गोखल्यांनीही तेच केलं. ज्या घरानं पंधरातले आठ दिले त्या घराला मोठ्या पगाराची आशा असणार, हे ठाऊक असूनही ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा ७५ रुपयांवर राहिले, वीस वर्षं.

सुभाषबाबूंचं असंच. १९१९ साली वडील जानकीनाथ बोस यांनी विचारलं, आय.सी.एस.साठी विलायतेला जातोस का? विचाराला मुदत चोवीस तास. सुभाषबाबू गेले, जेमतेम आठ महिने अभ्यास करून १९२० मध्ये चौथे आले आणि एप्रिल १९२१ मध्ये राजीनामा दिला. वडिलांचा विरोध होता. पण राजीनाम्यापूर्वी ते महिनोन्‌महिने थोरले बंधू शरदबाबूंना पत्रं लिहीत होते, आपली घालमेल उघड करून सांगत होते. आपल्याला राजीनामा आठवतो, ही पत्रं आठवत नाहीत. मला ती पत्रंच जास्त मोलाची वाटतात. घरात निदान एक माणूस असा हवा ज्याला सगळं लिहिता येईल.

आता दक्षिणेत चला. श्रीनिवास रामानुजन. कुंभकोणमच्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणिताशिवाय दुसऱ्या विषयात लक्ष नाही, म्हणून ती गेली. १९०५ साली हा मुलगा कोणाला न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. नंतर मद्रासला पुन्हा कॉलेज, पुन्हा परीक्षा, पुन्हा नापास. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून. १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो.

हे सांगताना एक सावधगिरी. नापास झालेल्या प्रत्येक मुलाला "तू रामानुजन होशील" म्हणू नका. तेही एक ओझंच आहे. यातला धडा दुसरीकडे आहे. रामचंद्र राव नावाच्या नेल्लोरच्या कलेक्टरनं या मुलाची गुणपत्रिका बाजूला ठेवून वही पाहिली, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय केली.

फौजेची अधिकारी निवडण्याची पद्धत मला म्हणूनच आवडते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास ती आपल्याकडे आली. आजही एन.डी.ए.साठी लेखी परीक्षेला ९०० गुण आणि निवड मंडळाला ९००. मुलाखत घेणारा, मानसशास्त्रज्ञ आणि मैदानावरचा अधिकारी असे तिघं मुलाला स्वतंत्रपणे पारखतात, आणि लेखीत किती पडले हे त्यांना ठाऊक नसतं. बहुतेक मुलं परत जातात. परत जाणारा मुलगा कमी प्रतीचा नसतो, या कामाला तो जुळला नाही एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी साधं गणित. २०२४ साली नीटला सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या जास्त. म्हणजे सगळी मुलं अठरा तास अभ्यासाला बसली असती तरी बावीस लाखांहून जास्त मुलं बाहेर राहणारच होती. जागाच तेवढ्या होत्या. हा दोष कुठल्या एका मुलाच्या माथी मारता येत नाही. गोविंदरावांच्या काळी दार एकच होतं. आज तसं नाही, पण घरं अजून तसंच वागतात.

तेव्हा आईबाबांना एक विनंती. निकाल लागायच्या आधी, आज रात्री जेवताना मुलाला सांगा की पैसे आम्ही आमच्या खुशीनं लावले, ते तुझ्यावर कर्ज नाही. निकालानंतर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं, आधी सांगितलं तर खरं वाटतं. आणि मुलांनो, आगरकरांसारखं तुम्हीही आधीच बोला. घरात बोलता येत नसेल तर सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. मदत मागणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही. फौजेत आम्ही वायरलेसवर कुमक मागतो, तेव्हा कोणी आम्हाला भित्रं म्हणत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.