तोल गेला म्हणजे चाल बिघडली असं नव्हे

आज आपण एका आजाराचा इतिहास ऐकणार आहोत. त्याचं नाव अटॅक्सिया. नाव परकं वाटेल, पण लक्षणं ऐकलीत की ओळखीची वाटतील. चालताना पाय फाकवून टाकावे लागतात. वळताना झोक जातो. अंधारात भिंत धरावी लागते. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेताना हिंदकळतो. बोलणं जड आणि तुटक होतं. हुपरीत पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्या बाईला किंवा इचलकरंजीत मागावर तुटलेला धागा गाठणाऱ्याला हे कदाचित आधी हातातच जाणवेल.

अशा माणसाच्या अंगात ताकद असते, पण हालचालींचा मेळ बसत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, क्रम नसणं. आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम जसा कोण कुठं, कधी, किती हे ठरवतो, तसं लहान मेंदू स्नायूंचं काम जुळवतो. तो बिघडला किंवा त्याच्याकडे निरोप नेणाऱ्या नसा बिघडल्या, की तोल जातो.

आपल्याकडे अशा माणसाला तीन शिक्के बसतात. पुरुष असेल तर ‘पिऊन आलाय’. बाई असेल तर ‘बाहेरचं लागलंय’. आणि लग्नानंतर मुलाला त्रास सुरू झाला, तर ‘सुनेचा पायगुण’. या आजाराचा इतिहास म्हणजे असे शिक्के एकेक करून पुसण्याचाच इतिहास आहे.

साधारण १८५८ साली पॅरिसचे डॉक्टर डुशेन यांनी पायांचा तोल जाणाऱ्या रोग्यांचं नीट वर्णन केलं. त्यातल्या बहुतेकांच्या आजाराचं मूळ गुप्तरोगात होतं, हे पुढं कळलं. मग तोल गेलेल्या माणसाकडे लोक संशयानंच पाहू लागले. ‘चाल’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्याकडेही आहेतच. पण १८६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉक्टर निकोलाउस फ्रिडरिक यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. त्यांचे रोगी कोवळ्या वयाचे होते आणि त्यांच्यात भावंडं होती. हा दोष चालचलनाचा नव्हता, आजार घराण्यातून आला होता. मोठमोठ्या डॉक्टरांनीही आधी यावर शंका घेतली. आज तो आजार फ्रिडरिकच्याच नावानं ओळखला जातो. १८९३ साली पॅरिसच्या पिएर मारी यांनी मोठेपणी सुरू होणारा, आईबापांकडून मुलांत येणारा प्रकार वेगळा काढला.

यानंतरचं एक मोठं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं. जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात नऊ भारतीय कुटुंबांची माहिती छापली. या रोग्यांचा तोल जात होताच, पण आणखी एक खूण होती. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडी मारते. यांची नजर मात्र संथ सरकत होती. हा अटॅक्सियाचा नवा प्रकार आहे, असं त्यांनी मांडलं. क्युबा देशातल्या होल्गीन भागातही असे खूप रोगी होते. १९९६ साली त्यामागचं जनुक सापडलं आणि या प्रकाराला एस.सी.ए. दोन हे नाव रूढ झालं. डॉ. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळालं. २०१६ साली ते गेले.

या इतिहासात दोन बायकांची नावं आपण लक्षात ठेवू. लंडनच्या डॉ. अनिता हार्डिंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक घराण्यांचा अभ्यास करून या गोंधळाची नीट प्रतवारी लावली. १९९५ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, त्या कर्करोगानं गेल्या. दुसऱ्या डॉ. हुदा झोघबी, मूळच्या लेबनॉनच्या. अमेरिकेत हॅरी ऑर यांच्या जोडीनं त्यांनी १९९३ साली एस.सी.ए. एक या प्रकाराचं जनुक शोधलं. आज एस.सी.ए.चे ४० हून जास्त प्रकार माहीत आहेत.

आता हे घराण्यातून येतं कसं, ते पाहू. पहिली तऱ्हा एस.सी.ए.ची. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडे दोष असला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. एस.सी.ए. दोनमध्ये जनुकातली तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती साधारण २२ वेळा असतात, ३३ किंवा जास्त झाली की आजार होतो. पुढच्या पिढीत हा आकडा वाढू शकतो, विशेषतः बापाकडून आला तर. म्हणून आजोबांना पन्नाशीत आलेला त्रास नातवाला विशीत येऊ शकतो. यात सुनेचा पायगुण कुठं आला?

दुसरी तऱ्हा फ्रिडरिकची. इथं आई आणि बाप दोघंही ठणठणीत असतात, पण दोघांकडे लपलेला दोष असतो. तो दोन्हीकडून आला तरच मूल आजारी पडतं. प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. रक्ताच्या नात्यात तोच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणजे नात्यातल्या प्रत्येक लग्नात असं होतं असं नाही. पण घरात असं एक मूल असेल, तर पुढची सोयरीक नात्यात करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. आणि दोष दोन्हीकडून येत असेल, तर एकट्या आईला बोल लावणं खोटं ठरतं.

सगळा अटॅक्सिया मात्र घराण्यातला नसतो, आणि काही प्रकार बरे होतात. लहान मुलांचा तोल कांजिण्यांनंतर जाऊ शकतो, तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत परत येतो. फिट्सच्या गोळीचं प्रमाण जास्त झालं, ब-१२ किंवा ई जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड मंदावलं, तरी तोल जातो. वेळेत उपचार झाले तर सुधारणा होते. वर्षानुवर्षांची दारू लहान मेंदू खाते. उन्हाळ्यात कडक उष्माघातानंही तो दुखावतो, हे रानात राबणाऱ्या आपण विसरू नये. आणि अचानक, तासाभरात तोल गेला, बोबडी वळली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अंगारा लावत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

वंशातल्या अटॅक्सियावर पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. फ्रिडरिकच्या आजाराचा वेग कमी करणारं एक औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. पण नियमित व्यायाम, घरात धरायला दांडा, घास सावकाश गिळणं यांनी बराच फरक पडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेच्या आजारामुळं आलेलं चलनवलनाचं अपंगत्वही धरलं आहे. प्रमाणपत्रासाठी कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात चौकशी करता येते. रक्ताची जनुक तपासणी सज्ञान माणसानं समुपदेशन घेऊन स्वतः ठरवावी. लक्षणं नसलेल्या लहान मुलांवर ती लादू नये.

एक काम मात्र आपल्याच हातचं आहे. आपल्या भागात हेळवी येतो आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो. ती बहुतेक पुरुषांच्या बाजूनं चालते. डॉक्टरला मात्र दोन्ही बाजू लागतात. कुणाचा तोल गेला, कितव्या वर्षी, ती मावशी की आत्या, लग्न नात्यातलं होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असतं. घराण्यांची अशी माहिती मिळाल्याशिवाय ती नऊ कुटुंबं ओळखूच आली नसती.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत, ज्यांच्या घरात असा त्रास आहे त्यांनी आजीला जवळ बसवून तीन पिढ्यांची नावं वहीत उतरवावीत. लेकी-सुनांसकट. पोरीचं लग्न मोडेल या भीतीनं लपवू नका. लपवलेला आजार पुढच्या पिढीत जातोच, वर दोष आपल्याच माथी येतो. वही आशाताईंना दाखवा आणि डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.