क्लॅमथ नदी : धरणे हटली, सॅमन परतले

क्लॅमथ ही अमेरिकेच्या ओरेगन राज्यातून उत्तर कॅलिफोर्नियात येऊन पॅसिफिक महासागराला मिळणारी नदी आहे. सॅमन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. युरोक, करुक, हूपा आणि क्लॅमथ या आदिवासी जमातींचे अन्न, सण-विधी आणि उपजीविका या माशाशी जोडलेली आहे.

विसाव्या शतकात नदीवर विजेसाठी चार धरणे उभी राहिली. माशांची वाट अडली, साठलेल्या पाण्यात विषारी शेवाळ माजले. मासेमारीचा हक्कही वादात सापडला. १९६९ मध्ये युरोक मच्छीमार रेमंड मॅट्झ यांची जाळी सरकारी अधिकाऱ्यांनी जप्त केली. ते न्यायालयात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमी आदिवासींसाठी राखीवच असल्याचा निकाल दिला.

सप्टेंबर २००२ मध्ये नदीचे पाणी कमी व गरम झाले, रोग पसरला आणि किमान ३४ हजार मासे मेले. त्यानंतर धरणे हटवण्याच्या चळवळीने जोर धरला. २००४ मध्ये जमातींचे प्रतिनिधी धरणमालक कंपनीच्या भागधारकांसमोर थेट स्कॉटलंडमध्ये जाऊन उभे राहिले. व्यावसायिक मच्छीमार व पर्यावरण संघटना सोबत आल्या. पाण्यावरून ज्यांच्याशी भांडण होते, त्या शेतकऱ्यांशीही बोलणी झाली. २०१० मध्ये करार झाला, २०२२ मध्ये केंद्रीय आयोगाची अंतिम मंजुरी मिळाली.

ऑक्टोबर २०२४ पर्यंत चारही धरणे हटली. त्याच महिन्यात चिनूक सॅमन ओरेगनमधील उपनदीत दिसले, १९१२ नंतर प्रथमच. उघड्या पडलेल्या जमिनीवर पेरण्यासाठी स्थानिक वनस्पतींचे बी युरोक पथकांनी आधीपासूनच गोळा केले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात आदिवासी तरुणांनी उगमापासून समुद्रापर्यंत कयाक वल्हवत नेली.

काम संपलेले नाही. वरच्या भागात दोन धरणे अजून आहेत आणि शेतीच्या पाण्याचा वादही मिटलेला नाही.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि चवदार तळ्याचा उच्च न्यायालयातील निकाल १९३७ चा, हे आपण जाणतो. दोन्ही लढे वेगळे आहेत. तळ्यावर प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. तरीही आम्हाला एक गोष्ट समान दिसते : पाण्यावरचा हक्क कोणी आपणहून देत नाही. त्यासाठी रस्त्यावर, न्यायालयात आणि वाटाघाटीत पिढ्यान्‌पिढ्या संघटितपणे टिकून राहावे लागते.