अमरेलीचा हजेरीपट

दिवाळीची सुट्टी मुलांना नेहमी अपुरीच वाटते. पण सुट्टीची गोडी कळायला आधी शाळा असावी लागते. आणि सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या खेड्यांतील बहुतेक मुलांच्या नशिबी ती नव्हती.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ गायकवाड हा शेतकऱ्याचा मुलगा त्यांतलाच. १८७५ साली बाराव्या वर्षी तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. हेच पुढे सयाजीराव महाराज झाले. आपल्याला उशिरा मिळालेले अक्षर प्रजेला वेळेवर मिळावे, असे त्यांना वाटले तर नवल ते काय?

१८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली हे राजधानीपासून दूरचे लहानसे गाव निवडले. तेथे आणि भोवतालच्या नऊ खेड्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मुलांना आणि मुलींनाही! गुरे राखणारा, धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी, अशी कामाची लेकरे शाळेत धाडणे शेतकऱ्याला जड जाणारच. म्हणून फी माफ, पण टाळाटाळ करणाऱ्या पालकाला दंड. प्रयोग हळूहळू साऱ्या तालुक्यात पसरला, आणि १९०६ साली संस्थानभर कायदा झाला.

फळ काय मिळाले? नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात आकडेच मांडले. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शाळेत होते, इंग्रजी मुलखात २१.५, मुलींत हेच प्रमाण ४७.६ आणि अवघे ४! तरीही १९ मार्च १९१२ रोजी त्यांचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

मात्र पटावर नाव चढले म्हणजे विद्या आली, असे नव्हे. शाळा सुटली की पाटी विसरते, आणि वाचायला काही नसेल तर अक्षरही विसरते. महाराजांनी हे ओळखले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून त्यांनी गावोगाव वाचनालये काढविली. जेथे तीही नव्हती तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी; अमरेलीनंतर ११७ वर्षांनी. आज पटावर नावे भरपूर आहेत. त्या नावांपुढे पुस्तकाची पेटी ठेवायचे काम मात्र अजून आपलेच आहे. आणि दिवाळीच्या फराळाशेजारी एखादे पुस्तक ठेवून त्याचा आरंभ घरूनच करता येईल.